दोन गडवे पाणी

तिचा फोन आला की पलीकडून "हॅलो" येत नाही. "पाणी पेलं का?" असं येतं. मी हो म्हटलं तरी तिचा विश्वास बसत नाही. "माह्या कानाजवळ पी," म्हणते, आणि मला घोट घेतल्याचा आवाज ऐकवावा लागतो. चंद्रपुरातल्या ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते, तिथल्या मुलींना हे पाठ झालं आहे. फोन वाजल्यावर मी बोलायच्या आधी बाटलीचं झाकण उघडलं की त्या एकमेकींकडे बघून हसतात. "सिस्टरचा फोन."

ही सिस्टर माझी वर्गमैत्रीण. सावली तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावात आम्ही बारावीपर्यंत एका बाकावर बसलो. मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. ती नर्स झाली आणि एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका आरोग्य उपकेंद्रात जाऊन बसली. तिथंच आहे. मधे बदलीच्या संधी आल्या, तिनं त्या दुसऱ्यांना दिल्या. कोणी कारण विचारलं तर म्हणते, "माह्या कोंबड्या गाडीत बसत नाईत."

तिचं बोलणं असंच. सुई टोचताना ती रुग्णाला धीर देत नाही, कोंबड्यांचं पुराण सांगते. कुठली कोंबडी कुठली अंडी फोडते, कोणता कोंबडा भित्रा आहे. माणूस "मग?" म्हणेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आलेली असते. दुकानातला बिस्किटाचा पुडा असो की लग्नातली पाण्याची बाटली, उलटसुलट करून तारीख वाचल्याशिवाय ती तोंडाला लावत नाही. एकदा एका लग्नात तिनं नवरदेवाला पाजायच्या सरबताची बाटली अशीच उलटी केली आणि सरळ मोरीत ओतली. वरमाय पाहतच राहिली. बसमध्ये शेजारच्या बाईचा हात हातात घेऊन नखं दाबून बघते. नखाखाली लाली परतली नाही तर त्या बाईला उतरेपर्यंत सुटका नसते. माणसं तिला थोडी भितात, थोडी हसतात, आणि दुखलं-खुपलं की तिलाच शोधतात.

पण तिची खरी ओळख पाणीच. आणि त्या पाण्याची सुरुवात आमच्या घरच्या छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, झाली.

मला लहानपणापासून एक दुखणं होतं. आमच्याकडे त्याला वात म्हणायचे. दर पावसाळ्यात रोवण्याच्या वेळी मी आईबरोबर धानाच्या बांधीत उतरायची. चिखलात, थंड पाण्यात दिवसभर वाकून रोपं लावायची आणि दुसऱ्या दिवशी माझे हातपाय असे दुखायचे की पांघरुणाचा भार सहन व्हायचा नाही. आठवडा आठवडा शाळा बुडायची. गावातल्या बाया आईला म्हणायच्या, पोरगी कामचुकार आहे, शाळेनं बिघडवली. आई त्यांना काही बोलायची नाही, मलाही नाही. रात्री तेल लावून पाय चोळायची तेवढं.

माझी ही मैत्रीण बौद्ध मोहल्ल्यातली. तिची आई आमच्या शेतात रोवण्याला यायची, म्हणून तिला माझ्या दुखण्याची खबर लगेच लागायची. मग शाळा सुटली की ती यायची. एका हातात त्या दिवशीचा धडा, दुसऱ्या हातात चुलीत तापवून फडक्यात गुंडाळलेली वीट. वीट माझ्या गुडघ्याशी ठेवायची आणि धडा वाचायला लागायची. तिचं वाचन भयंकर होतं. स्वल्पविराम असेल तिथं ती थांबायची नाही आणि नसेल तिथं थांबून माझ्याकडे बघायची.

आमच्या घरी तिचं पाणी वेगळं होतं. छपरीतल्या खुंटीला एक हिरवा प्लास्टिकचा गिलास टांगलेला असायचा. तो तिच्या आईचा आणि तिचा. ती आली की स्वतःच तो काढायची, विसळायची, पुढे धरायची आणि घरातलं कोणीतरी वरून पाणी ओतायचं. गावात बहुतेक घरी तसंच होतं. त्याबद्दल ती काही बोलली नाही, मी काही विचारलं नाही. ज्या गोष्टी रोज डोळ्यांपुढे असतात त्यांच्याबद्दल मुलं विचारत नाहीत.

दुखणं चालू असताना मी पाणी प्यायची टाळाटाळ करायची, कारण पाणी प्यायलं की उठावं लागायचं आणि उठणं म्हणजे मरण. तिला का कोण जाणे, त्या वयात कोणी शिकवलेलं नसताना, हे चुकीचं आहे असं वाटायचं. "रोपाले पाणी नाई देल्लं तं रोप पडते, तू तं रोपाहून बारीक हाय," असं तिचं शास्त्र. तिनं एक खेळ काढला. माझ्या हातात पितळेचा गडवा, म्हणजे तांब्या; तिच्या हातात तो हिरवा गिलास. एक घोट मी, एक घोट ती. मी थांबले की ती गिलास तोंडापाशी धरून थांबायची. "मी एकटी पाणी पेत नाई," म्हणायची. तिला तहान लागली असेल या लाजेनं मी प्यायची. असा गडवा रिकामा व्हायचा.

बारावीनंतर ती नर्सिंगला गेली. पहिल्याच सुट्टीत ती गावी आली ती थेट आमच्या घरी. पायातल्या चपलाही नीट काढल्या नाहीत. म्हणाली, "तुले वात नाई. तुह्या रक्तात खोट हाय. सिकलसेल म्हणतात. चाल माह्यासोबत." आईला वाटलं, पोरगी चार बुकं शिकून आली आणि आमच्या लेकीला रोगी ठरवून राहिली. मैत्रीण छपरीत बसून राहिली. दुपार टळली तरी उठली नाही. शेवटी बाबांनी बैल सोडले आणि म्हणाले, जाऊ दे तिला. गडचिरोलीच्या दवाखान्यात रक्त दिलं. खरंच निघालं.

त्या दिवसापासून मला रोजची गोळी आहे, थंड पाण्यात उतरायची मनाई आहे, आणि पाणी पिण्याची सक्ती आहे. रोवणा सुटला, म्हणून कॉलेज टिकलं. मी पदवीचा कागद हातात घेतला तेव्हा माझे बाबा सभागृहात शेवटच्या रांगेत उभे होते, बसायला संकोचत. ती त्यांच्या शेजारी होती. मला व्यासपीठावरून दिसलं, ती बाबांना बाटली देत होती.

आई-बाबा दोघांच्याही रक्तात ती खोट अर्धी अर्धी होती. अर्धी असली की माणसाला काही होत नाही, त्याला कळतही नाही. दोन अर्ध्या एकत्र आल्या की लेकराला पूर्ण आजार होऊ शकतो. मला झाला. माझ्या धाकट्या भावाचं रक्तही तिनंच तपासायला लावलं. त्याच्यात अर्धी निघाली. आईनं ऐकून घेतलं आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

मी एकदा हिवाळ्यात तिच्याकडे गेले होते. एटापल्लीहून पुढे जीप, मग ओढा ओलांडून पायी. ओढ्यात तिनं चपला दप्तराला बांधल्या आणि मला पाण्यात पाय घालू दिला नाही. पाठुंगळीवर घेऊन पलीकडे नेलं. मी चाळिशीला आलेली बाई, लाजेनं डोळे मिटून घेतले. "तुह्यापेक्षा लसीचा डबा जड राह्यते," ती म्हणाली.

त्या गावातले लोक माडिया. तिची माडिया भाषा तिच्या धड्याच्या वाचनासारखीच आहे, नको तिथं थांबते. मुलं तिच्यामागे तिची नक्कल करत चालतात. भाषेतला पहिला शब्द ती शिकली तो 'एर'. एर म्हणजे पाणी. कोणत्याही अंगणात गेली की तब्येतीचं विचारत नाही, पाणी मागते. दारात आलेल्या माणसानं पाणी मागितलं तर तिथं कोणी नाही म्हणत नाही. पाणी आलं की ती घरातल्या आजारी माणसाकडे बघते. तापलेलं लेकरू असो, गरोदर सून असो, अंथरुणाला खिळलेली म्हातारी असो. भांडं तोंडापाशी धरून थांबते. ते प्यायल्याशिवाय ही पीत नाही. पाहुणा आपल्या दारात तहानलेला बसलाय हे त्या माणसांना बघवत नाही. मग ती पितात.

आम्ही एका अंगणात शिरलो तेव्हा एका म्हाताऱ्या बाबानं तिला लांबून पाहिलं, आत वळून काहीतरी ओरडला आणि सून एकदम दोन गडवे घेऊन बाहेर आली. म्हातारा माझ्याकडे बघून मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये बाई अकेली नहीं पीती. हम दो ही लाते हैं." आणि एक गडवा त्यानं स्वतःच उचलला.

मी त्या दोन गडव्यांकडे बघत राहिले. एक घोट मी, एक घोट ती. मला आमची छपरी आठवली आणि तो हिरवा गिलासही.

परतल्यावर काही महिन्यांनी भावाचं लग्न ठरायला आलं. आरमोरीकडची मुलगी, शेतकरी घरातली, शिकलेली. भावाला पसंत, तिलाही पसंत. दोघं फोनवर बोलायला लागले होते. मामानं स्थळ आणलेलं, त्यामुळे सगळं मामाच्या हाती. कूळ पाहिलं, शेत पाहिलं, पत्रिका पाहिली. रक्ताचं कोणी काढलं नाही. मी आईला एकदा म्हटलं. आई म्हणाली, "सांगतलं तं स्थळ मोडते. लोकं म्हणतीन या घरात रोग हाय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आणि तू म्हणशीन तं अजून म्हणतीन, पोरीचं नाई जमलं म्हणून भावाचं मोडून राह्यली." माझं लग्न झालेलं नाही. आई खरं बोलत होती, लोक तसंच म्हणाले असते. भाऊही खाली बघत होता. तो त्या मुलीवर जीव लावून बसला होता.

त्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला. पाणी पेलं का. मी प्यायले आणि सगळं सांगितलं. कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "पोरीचं रक्त पाह्यलं का?" मी नाही म्हटलं. "तुले भेटली तशी वीट घेऊन बसनारी सगळ्यालेच भेटत नाई," ती म्हणाली. "बोलणी कधी हाय?"

मुलीचे वडील आणि काका आमच्या घरी पक्की बोलणी करायला आले, त्या दिवशी दुपारी ती आली. रात्रीच्या मुक्कामी गाडीनं निघून, दोन ठिकाणी बस बदलून. अंगावर धुळीनं भरलेली साडी, खांद्याला दप्तर. छपरीत पाहुणे सतरंजीवर बसलेले. मामा मधोमध. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरायचं चाललं होतं. तिनं सगळ्यांना नमस्कार केला आणि मुलीच्या वडिलांना अगदी सरळ आवाजात म्हणाली, "भाऊ, तारीख धरायच्या आंधी दोघायचं रक्त पाहून घ्या."

मामाचा चेहरा उतरला. मग चढला. तो हसला, पाहुण्यांना ऐकू जाईल असा. "बाई, हे घरातलं काम हाय. तुले कोनं बलावलं? तहान लागली असन तं तुहा गिलास अजून खुंटीवरच हाय, घे."

खरंच होता. ती नर्स झाल्यावर आई तिला कपात चहा द्यायला लागली होती. पण गिलास कोणी काढला नव्हता आणि पाण्याच्या वेळी तीही सवयीनं तोच घ्यायची. त्या दिवशी मात्र तिनं खुंटीकडे पाहिलंही नाही. मुलीच्या वडिलांकडेच बघत उभी राहिली. पाहुण्यांमधल्या काकांनी सुपारी कातरायची थांबवली. भाऊ दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

मी उठणार होते. त्याआधी आई आतून आली. तिच्या हातात पितळेचा गडवा होता, घरातला, देवापुढे भरून ठेवतो तो. ती छपरीतून सगळ्यांच्या मधून चालत गेली आणि गडवा मैत्रिणीपुढे धरला.

"थकून आली तू माय. आंधी पाणी पी."

ती आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, मी एकटी पाणी पेत नाई."

"मले मालूम हाय," आई म्हणाली. "तू पी. मंग मी पेतो."

आमच्याकडे गडव्याला तोंड लावत नाहीत, वरून धार सोडून पितात. ती आमच्या घरी नेहमी गिलासातूनच प्यायलेली. तिनं गडवा दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून साडीवर सांडलं. तिला तहान लागलेली होती. मग आईनं तिच्या हातातून गडवा घेतला, पुसला नाही, तोंडाला लावला आणि उरलेलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. पाहुणे बघत होते. मामा बघत होता.

आईनं गडवा खाली ठेवला आणि पदर सावरून मुलीच्या वडिलांसमोर बसली. पुरुषांच्या बोलणीत ती कधी बसली नव्हती.

"भाऊ, माह्या पोरीले जे दुखणं हाय, त्याचा अर्धा हिस्सा माह्या पोरात हाय. माह्यात हाय, याच्या बाबातही हाय. आमी तुमाले सांगतलं नाई. तुमच्या लेकीचं पाहून घ्या. तिच्यात नसन तं आमी हात जोडून घेऊन येऊ. असन तं नको. माह्या पोरीचे पाय मी रात रात चोळले, तुमच्या लेकीवर ते नको."

बाबा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी फक्त मान हलवली. भाऊ चौकट सोडून आत निघून गेला.

मुलीचे वडील भला माणूस. त्यांनी माझ्या मैत्रिणीला विचारलं, रक्त कुठं द्यायचं. तिनं सांगितलं. तिनं आणखी एक सांगितलं, जे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नसतं. "काहीबी निंगो, गावात सांगाल तं पोरात होतं म्हणून आमी थांबलो असं सांगा. पोरीचं नाव नको."

मुलीच्या रक्तातही अर्धी खोट निघाली. लग्न झालं नाही. भाऊ बरेच दिवस घरात कोणाशी धड बोलला नाही, माझ्याशी तर नाहीच. त्याचा राग कोणावर होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. माझी मैत्रीण मात्र त्याला दर रविवारी फोन करायची. काय बोलायची माहीत नाही. एकदा मी दाराआडून ऐकलं, तो म्हणत होता, "मग त्या कोंबड्यानं काय केलं?"

तिनं आरमोरीच्या त्या मुलीलाही सोडलं नाही. तिच्या गावी जाऊन तिच्या आईशी बसली, मोहल्ल्यातल्या बायांना पोरातच होतं असं ठासून सांगून आली. पुढे त्या मुलीचं राजुऱ्याकडे लग्न झालं. रक्त आधी पाहिलेलं. लग्नाला माझी मैत्रीण गेली होती, आणि आईही गेली होती. आईनं मुलीला साडी नेसवली आणि दोघी गळ्यात पडून रडल्या, असं ती सांगत होती. तिथं सरबत चांगलं होतं, तारखेचं होतं, हेही सांगितलं.

भावाचं लग्न त्यानंतर वर्षभरानं जमलं. या वेळी मामानं स्थळ आणलं तेव्हा पत्रिकेच्या आधी त्यानं स्वतःच विचारलं, रक्त पाहिलं का. कोणाकडे न बघता विचारलं, जणू हे त्याला पहिल्यापासूनच माहीत होतं. वहिनीच्या रक्तात काही नाही. गेल्या वर्षी त्यांना मुलगी झाली. बाळाचं रक्त तपासून झालं आणि तिच्यात अर्धी खोटही नाही हे कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी मैत्रीण बाळ बघायला आली.

छपरीत बसली. बाळाची नखं एकेक दाबून पाहिली, लाली परतते का ते पाहिलं. बाळ रडलं तर त्याला एका भित्र्या कोंबड्याची गोष्ट सांगितली. वहिनी आतून पितळेचा गडवा भरून घेऊन आली आणि तिच्यापुढे ठेवला. ती हात पुढे करणार तेवढ्यात तिचं लक्ष खुंटीकडे गेलं. खुंटीला बाळाची टोपी होती.

"काकू," ती आत ओरडली, "माहा हिरवा गिलास कुठी हाय?"

आई चुलीपाशी भाकरी करत होती. "फुटला."

"प्लास्टिकचा गिलास फुटला?"

भाकरी थापायचा आवाज थांबला. ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावत हसली. "काकू, फुटला का तुमीच फोडला?"

आई पिठाच्या हातांनी दारात आली. तिच्याकडे पाहिलं, गडव्याकडे पाहिलं. हाताची पाठ नाकाला लावली.

"तुले काय करायचं हाय?" आई म्हणाली. "पाणी पी."